दुसऱ्या मजल्यावरचं खारं पाणी

कंपनीच्या बसमध्ये ज्योतीराम खिडकीकडे बसायचा आणि मी त्याच्या शेजारी. चऱ्होलीच्या चौकातून बस सुटली की चाकणला पोचायला पाऊण तास लागतो. मोशीच्या पुढे ट्रक अडकले तर सव्वा तासही. एवढ्या वेळात माणूस एक तर झोपतो नाहीतर बोलतो. ज्योतीराम झोपायचा नाही आणि आपण होऊन बोलायचाही नाही. पण काही विचारलं आणि तो सांगायला लागला, की एकही पायरी न गाळता, क्रमानं सगळं सांगायचा. ही हकिगत मला अशीच त्या बसमध्ये, सात-आठ महिन्यांत, तुकड्या-तुकड्यानं कळली. थोडी मी डोळ्यांनीही पाहिली.

तो आमच्या पेंट शॉपच्या पाण्याचा माणूस. रंग देण्याआधी पत्रा ज्या पाण्यानं धुतात त्यात क्षाराचा कणसुद्धा चालत नाही, नाहीतर रंगावर ठिपके उठतात. ते पाणी बनवणारा प्लांट ज्योतीराम सांभाळतो. दर दोन तासांनी नमुना घ्यायचा, मीटर बुडवायचा, आकडा लिहायचा. मी लॅबमध्ये असतो, त्याचे नमुने माझ्याकडे येतात. अकरा वर्षांत त्याचा आणि माझा आकडा दोनदाच जुळला नाही, आणि दोन्ही वेळा माझाच मीटर चुकलेला निघाला.

मूळचा तो निलंग्याकडचा. आयटीआय करून विसाव्या वर्षी इकडे आला आणि इथलाच झाला. बायको विजयश्री भोसरीला वायरिंगच्या कंपनीत आहे. लग्नाला नऊ वर्षं झालेली, घरात दोघंच. चऱ्होलीत नानासाहेबांच्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते भाड्यानं राहतात. ही इमारत उभी आहे तिथं पूर्वी नानासाहेबांचं कांद्याचं वावर होतं. आता आजूबाजूला सगळ्या सोसायट्याच आहेत, आणि नानासाहेब खालच्या मजल्यावर बायको शालनबाईंसोबत राहतात. मुलगा रविराज त्यांच्या शेजारच्याच घरात. त्याचा जागांचा व्यवसाय आहे.

समुद्र ज्योतीरामच्या घरी आला तो एका बदलीमुळे. आमच्या एका साहेबांकडे खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. तिच्या पाण्याचा फिल्टर बिघडला की ते ज्योतीरामला घरी बोलवायचे. साहेबांची बदली चेन्नईला झाली. टाकी नेणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, हे दुसऱ्या कुणाला दिलं तर महिन्यात मरेल, तू घेऊन जा. ज्योतीरामला नाही म्हणता आलं नाही. चार फुटांची काच, दोनशे लिटर पाणी, तळाला दगड, दगडांवर प्रवाळ, आणि त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. टेम्पोतून आणताना विजयश्री त्या माशांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. खड्डा आला की दोन्ही हातांनी पिशवी उचलून धरायची.

दुसऱ्याच दिवशी नानासाहेब वर आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की भाडेकरूनं घरात विहीर आणून ठेवली आहे. स्लॅबवर एवढं वजन कशाला ठेवलंस, हे विचारायला ते आले होते. दारातून आत आले, टाकीसमोर थांबले आणि विचारायचं ते राहूनच गेलं. विजयश्रीनं खुर्ची दिली. दोन तास ते तिथून हलले नाहीत. मध्ये एकदाच बोलले, प्रवाळाकडे बोट दाखवून विचारलं, ही झाडं कुठली? ज्योतीरामनं सांगितलं की ती झाडं नाहीत, जनावरं आहेत. जागेवर बसून खातात. नानांना ते पटलं नाही. शेवटपर्यंत ते त्यांना झाडंच म्हणत राहिले.

खाऱ्या पाण्याचं काम नाजूक असतं. माशांची घाण पाण्यात साठत जाते आणि प्रवाळाला लागणारे क्षार हळूहळू संपतात. म्हणून दर आठवड्याला वीस-एकवीस लिटर जुनं पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. नवं म्हणजे नळाचं नाही. आधी आरओमधून काढून कोरं करायचं, मग त्यात समुद्राचं मीठ मोजून टाकायचं, दिवसभर ढवळत ठेवायचं, आणि टाकीइतकं कोमट झालं की ओतायचं. ज्योतीराम हे सगळं रविवारी करायचा. पहिल्या महिन्यानंतर तो एकटा करत नव्हता. साडेनऊला जिन्यात नानांच्या काठीचा आवाज यायचा. मीठ ढवळायचं काम नानांचं. एक लांब प्लास्टिकची पट्टी घेऊन ते स्टुलावर बसायचे आणि एकाच दिशेनं, एकाच वेगानं पाणी फिरवत राहायचे. मग ज्योतीराम नळी लावून जुनं पाणी कॅनमध्ये काढायचा आणि नाना बोट वर करून सांगायचे, बास.

नानांनी आयुष्याची चाळीस वर्षं शेतात दारं धरली होती. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवण्यात गेली होती. किती पाणी कुठवर पोचेल हे त्यांना बघूनच कळायचं. ज्योतीराम मला म्हणाला होता की काचेवर खूण केली होती, तरी त्याची नजर खुणेपेक्षा नानांच्या बोटाकडेच असायची.

अशी दोन वर्षं गेली. खाली शालनबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, म्हातारं वर समुद्राला गेलंय.

गेल्या जुलैत एका रविवारी ज्योतीराम तिसरी पाळी करून सकाळी आला आणि आडवा झाला. नाना नेहमीप्रमाणे वर आले. विजयश्री त्याला उठवायला निघाली तर त्यांनी तिला थांबवलं. पोरगं दमलंय, झोपू दे म्हणाले. ती स्वयंपाकघरात गेली. नानांनी स्वतःच नळी लावून जुनं पाणी काढलं, आणि भरलेला कॅन उचलून न्हाणीकडे निघाले. फरशीवर थोडं पाणी सांडलं होतं. त्यांचा पाय सरकला, आणि कॅन वाचवायच्या नादात सगळं अंग उजव्या मनगटावर आलं.

ज्योतीराम आवाजानं जागा झाला. त्यानं नानांना उचलून खुर्चीत बसवलं, रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर लागलं. दवाखान्याच्या बाकावर नाना त्याला दोनदा म्हणाले की पाणी जुनंच सांडलं, नवं न्हाई सांडलं.

संध्याकाळी रविराज वर आला. तो भांडला नाही. उभ्या उभ्याच बोलला.

“भाऊ, तुमच्यावर राग नाही माझा. तुम्हीच त्यांना दवाखान्यात नेलं. पण त्यांच्या हातात परत तो कॅन दिसला, तर मला तुम्हाला जागा सोडा म्हणावं लागेल.”

ज्योतीराम मान खाली घालून ऐकत होता. ज्योतीराम नंतर मला म्हणाला, माझा बाप असता तर मी तेवढ्यावर थांबलो नसतो.

त्या आठवड्यात बसमध्ये तो कागदावर काहीतरी काढत बसायचा. टाकीचं पाणी कुणीही न उचलता बदललं पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट होता. आमच्या प्लांटमध्ये रसायन थोडं थोडं सोडायला लहान पंप असतात. त्यात एका लवचिक नळीवर रोलर फिरतो आणि उसाच्या चरकासारखी नळी पिळत पाणी पुढं ढकलतो. असा एक पंप भंगारात निघाला होता. ज्योतीरामनं रीतसर अर्ज केला, गेटपास घेतला आणि तो घरी नेला. त्याच मोटारीच्या दांड्यावर त्यानं दुसरा रोलर बसवला. मोटार फिरली की दोन्ही रोलर फिरणार. एक टाकीतून जुनं पाणी बाहेर ओढणार, दुसरा तेवढंच नवं आत ढकलणार. टायमर लावला. दोन-दोन तासांनी पाव लिटर जायचं आणि पाव लिटर यायचं. दिवसाला तीन, आठवड्याला एकवीस.

बाल्कनीत त्यानं दोन पांढरे कॅन शेजारी शेजारी ठेवले, एक नव्या पाण्याचा, एक जुन्याचा. जुनं पाणी सरळ बाल्कनीच्या पाइपात सोडता आलं असतं. पण त्या पाइपाखाली शालनबाईंचं अळू होतं, आणि खाऱ्या पाण्यानं ते जळालं असतं. म्हणून वेगळा कॅन ठेवला. तो रविवारी बटण दाबलं की न्हाणीत रिकामा व्हायचा, आणि नव्याचा आरओच्या पाइपानं तिथंच भरायचा. मीठसुद्धा आता त्याच कॅनमध्ये एक छोटा पंप ढवळायचा.

टाकीचं पाणी बाराही महिने वाफ होऊन उडतं. वाफेबरोबर मीठ जात नाही, नुसतं पाणी जातं. म्हणून तिसरा एक लहान कॅन कोऱ्या पाण्याचा होता. टाकीत एक फ्लोट लावलेला. पातळी जरा खाली गेली की तो आपोआप कोरं पाणी सोडून ती पूर्ववत करायचा.

तीन शनिवार त्यानं मापाच्या भांड्यांनी तपासलं. दोन्ही नळ्यांचं पाणी थेंबाला थेंब जुळलं, तेव्हाच त्यानं टाकीला जोडलं. मी बघायला गेलो होतो. दोन तासांनी एक बारीक घरघर व्हायची आणि थांबायची. टाकीतल्या माशांना पत्ताही लागत नव्हता. विजयश्री म्हणाली, आता निदान फरशी तरी कोरडी राहील.

ऑगस्टच्या शेवटी नानांचं प्लास्टर निघालं. पुढच्या रविवारी साडेनऊला ते वर आले. ज्योतीरामनं त्यांना बाल्कनीत नेऊन सगळं दाखवलं, क्रमानं, एकही पायरी न गाळता. नाना ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की रविवारी काय काय करायचं असतं?

“काहीच न्हाई, नाना,” ज्योतीराम म्हणाला. “आता तुम्ही फक्त बसायचं.”

हे त्यानं मला मोठ्या समाधानानं सांगितलं होतं. आपण म्हाताऱ्याला काहीतरी चांगलं दिलं, असं त्याला वाटत होतं. नाना बसले. चहा घेतला. चांगलं केलंस म्हणाले. पंप एकदा घरघरून थांबला तेव्हा त्यांनी मान वळवून तिकडे पाहिलं. अर्ध्या तासानं उठून खाली गेले.

त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत. हात दुखत असेल, असं ज्योतीरामला वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारीही आले नाहीत. जिन्यात भेट झाली की बरं आहे म्हणायचे, हात हलवून दाखवायचे. गणपती झाले, नवरात्र आलं. एकदा बसमध्ये मी विचारलं, काय, आता रविवार मोकळा? तो म्हणाला, “मोकळा हाय, पण लई लांब झालाय.”

त्याच सुमाराला टाकीत काहीतरी बिनसलं. दगडावरचे हिरवे-जांभळे बटणासारखे प्रवाळ दुपारपर्यंत उघडेनात. एक प्रवाळ लहान बाळाच्या मुठीसारखा सतत उघडझाप करायचा. नानांचा तो लाडका, ते त्याला ‘मुठी’ म्हणायचे. त्याची उघडझाप मंदावली, आणि एके दिवशी तो नुसता लोंबत राहिला. ज्योतीरामची पहिली पाळी होती, तो टाकीचे दिवे लागायच्या आत घराबाहेर पडायचा. विजयश्रीनं त्याला पहिल्यांदा सांगितलं. मग त्यानं दिवा बदलून पाहिला, हीटर तपासला, प्रवाह कमी केला. पाणी स्वच्छ दिसत होतं, पातळी बरोबर होती, पंप वेळेवर घरघरत होता. सगळं नीट होतं आणि आतलं सगळं मिटत चाललं होतं.

एका सकाळी शालनबाई अळूच्या वड्यांचं ताट घेऊन वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या वर्षातून एक-दोनदाच जिना चढायच्या. खुर्चीत बसून श्वास खाली बसू दिला. टाकीकडे त्यांनी बघितलंही नाही.

“ज्योतीराम, राग धरू नगंस,” त्या म्हणाल्या. “वावर इकलं तवा बी माणूस एवढं गप झालं न्हवतं. तवा म्हनायचं, वय झालं, सुटलो. आता सकाळी आंगूळ करून, टोपी घालून बसत्यात अन् कुटं जायचं त्येच कळंना.”

ज्योतीराम म्हणाला की त्यानं त्यांना कधीच येऊ नका म्हटलं नाही. टाकी त्यांचीच आहे. कधीही यावं, बसावं.

“व्हय. बसावं,” शालनबाई म्हणाल्या. “तुला कुनी म्हनालं, उद्यापास्नं कंपनीत यायचं अन् फकस्त बसायचं, तर तुला कसं वाटंल?”

विजयश्रीनं त्यांच्यासमोर पाणी ठेवलं. उठताना शालनबाईंनी आणखी एक सांगून ठेवलं. ल्हान्या पोराला खुळखुळा दिल्यागत काहीतरी काम काढून देऊ नकोस. त्यांना कळतं.

हे ऐकल्यापासून तो दोन दिवस अस्वस्थ होता. खाली जायचं तर काय म्हणून जायचं, हा त्याचा पेच. बसमध्ये त्यानं मलाही विचारून पाहिलं. रविवारी सकाळी मात्र विजयश्रीच म्हणाली की खोटं काम कशाला शोधताय, खरी अडचण समोर आहे ना. तसा तो उठला आणि खाली गेला.

नाना ओट्यावर बसले होते, टोपी घालून. ज्योतीराम त्यांच्यासमोर पायरीवर बसला.

“नाना, झाडं मिटायलीत. मुठी तर गेल्यातच जमा हाय. मी सगळं बघितलं, मला काय बी कळंना गेलंय. तुम्ही वर येऊन बघता का?”

नानांनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खोटं आहे का ते बघत असावेत. मग काठी घेतली.

वर येऊन ते टाकीसमोर बसले. ज्योतीराम काही सांगायला लागला तर त्यांनी हात वर केला. मग उठून बाल्कनीत गेले. पांढऱ्या कॅनमधलं पाणी बाहेरून सावलीसारखं दिसतं. नाना दोन्ही कॅनसमोर उकिडवे बसले. त्यांनी विचारलं की नवा कधी भरतोस? ज्योतीराम म्हणाला, रविवारी. आणि जुना कधी रिकामा करतोस? तोही रविवारीच, आज अजून व्हायचा आहे.

नानांनी खिशातून खडू काढला. दाराच्या चौकटीवर दुधाच्या पिशव्यांच्या रेघा ओढायला शालनबाई वापरायच्या तो. नव्या कॅनवर पाण्याच्या पातळीला एक रेघ ओढली, जुन्यावर एक.

“ह्यातनं गेलं किती अन् त्यात आलं किती, बघ,” ते म्हणाले. “गेलं सोळा. आलं एकवीस. दोन दारं एकाच पाटाची असली म्हनून पानी सारखं जात न्हाई, ज्योतीराम. बघावं लागतं.”

ज्योतीराम खाली बसला. एका क्षणात त्याला सगळं कळलं. टाकीतून एकवीस लिटर खारं पाणी निघत होतं आणि सोळाच आत येत होतं. पाच लिटरची तूट फ्लोट इमानदारीनं भरून काढत होता, पण कोऱ्या पाण्यानं. म्हणून पातळी रोज बरोबर. आणि पाणी आठवड्या-आठवड्यानं अळणी होत चाललेलं.

तो धावत जाऊन खारेपणा मोजायचं यंत्र घेऊन आला. ते लहान दुर्बिणीसारखं असतं. काचेवर पाण्याचा थेंब ठेवून उजेडाकडे बघायचं. आत निळा आणि पांढरा भाग जिथं भेटतो तो आकडा. समुद्राइतका, म्हणजे पस्तीस हवा होता. तीस होता.

त्याला लागलं ते वेगळंच. सोमवारी बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “तुमच्या लॅबला दर दोन तासांनी नमुना देतो मी. अन् घरी सहा आठवडे यंत्राला हात लावला न्हाई. नव्या कॅनमध्ये दर रविवारी पाणी उरलेलं दिसायचं. मला वाटायचं, उरलंय तर बरंच हाय.” यापूर्वी त्याला कधी लाजलेलं मी पाहिलं नव्हतं.

दोष नळीत निघाला. जुनं पाणी बाहेर काढणारी नळी नवी होती, नवं आत ढकलणारी भंगारातल्या पंपाबरोबर आलेली. तपासणीत दोन्ही सारख्या चालल्या, पण जुनी नळी रोज पिळून पिळून चपटी झाली आणि पाणी कमी ढकलायला लागली. ज्योतीरामनं दोन्ही नळ्या नव्या घातल्या. मग त्याला घाई झाली. मीठ कालवून आजच पस्तिसावर न्यावं असं त्याला वाटत होतं. त्याला माहीत होतं की ते चुकीचं आहे, पण मुठीकडे बघवत नव्हतं. नाना म्हणाले, तापल्या वाफ्यात भर दुपारी पाणी सोडत न्हाईत, रोपं उकडून मरत्यात. हळू घे.

तेव्हा ठरलं की रोज अर्धा अंश, त्याहून जास्त नाही. ज्योतीराम पाळीवर, विजयश्री कामावर. दुपारी आकडा कोण बघणार? हा प्रश्न कुणी काढलाच नाही. घरमालक म्हणून घराची एक किल्ली नानांकडे होतीच. ज्योतीरामनं त्यांना ते यंत्र कसं धरायचं ते दाखवलं. नाना चष्मा काढून बाल्कनीत उभे राहायचे, ते आभाळाकडे धरायचे आणि मग खाली शालनबाईंना मोठ्यानं आकडा सांगायचे, कारण खाली जाईपर्यंत आपण विसरू अशी त्यांना भीती होती. त्या तो ज्योतीरामला फोन करून कळवायच्या. प्लांटवर दुपारी तीनला त्याचा फोन वाजायचा आणि पलीकडून शालनबाईंचा आवाज यायचा, “साडेएकतीस म्हनत्यात.” आम्ही लॅबमध्येही त्या फोनची वाट बघायला लागलो होतो.

अकराव्या दिवशी पस्तीस झालं. बटणं आधीच हळूहळू उघडायला लागली होती. एका सकाळी सगळा दगड उमलला. मासे तर कधी आजारी नव्हतेच. मुठी मात्र वाचली नाही. चौथ्या दिवशी ती विरघळून गेली. नानांनी तो रिकामा दगड स्वतः बाहेर काढला, स्वच्छ धुतला आणि परत त्याच जागी ठेवला. ज्योतीरामनं माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, पीक गेलं म्हनून वावर टाकत न्हाईत.

पंप आजही चालू आहे. ज्योतीरामनं तो काढला नाही. काढावा असं नानांनीही म्हटलं नाही. कॅन उचलणं बंद झालं ते बंदच. फक्त रविवारी साडेनऊला दोघं बाल्कनीत बसतात, दोन्ही कॅनवरच्या रेघा जुळवतात, नळी चेपून बघतात, थेंब काचेवर घेतात. नानांचा आकडा आधी, मग ज्योतीरामचा. जुळला नाही तर दोघंही परत बघतात. नोव्हेंबरात एकदा रविराज वडिलांना शोधत वर आला. वडील यंत्र डोळ्याला लावून उभे होते. तो दारातच थांबला आणि तिथूनच खाली गेला. त्या महिन्यात मिठाची पिशवी संपली तेव्हा पिंपळे सौदागरच्या दुकानातून नवी पिशवी त्यानंच आणली आणि वर नेऊन ठेवली.

डिसेंबरात ज्योतीराम आणि विजयश्री दोघं मिळून आठ दिवस गावाला गेले. टाकी घरी आल्यापासून दोघांना एकत्र दोन दिवसांच्या वर कुठं जाता आलं नव्हतं. एकानं तरी मागं राहावंच लागायचं. ज्योतीरामची आई तानुबाई गावाला एकट्याच असतात. लेक आणि सून एकदम दारात बघून त्यांनी आधी काय झालं म्हणून विचारलं. काही झालं नाही, सवड मिळाली म्हणून आलो, हे त्यांना पटायला दुसरा दिवस उजाडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी नानांचा फोन आला. टाकीला काही झालं का, हेच ज्योतीरामनं आधी विचारलं. पण टाकीचं सगळं ठीक होतं. आकडा पस्तीस, रेघा बरोबर. नानांना दुसरंच विचारायचं होतं, की तुमच्या गावाकडं औंदा विहिरींना पानी हाय का? ज्योतीरामला नीट सांगता येईना. तो म्हणाला, मायला विचारतो, आणि फोन त्यांच्या हातात दिला.

तानुबाईंनी फोन कानाला लावला. अनोळखी माणसाशी त्या आधी एका एका शब्दात बोलत होत्या. मग विहिरीचं निघालं, विहिरीवरून बोअरचं, बोअरवरून कुठल्याशा सालच्या पावसाचं. नाना काय बोलत होते ते इकडे ऐकू येत नव्हतं. तानुबाई मात्र मध्येच हसल्या आणि पदर सावरून उंबऱ्यावर नीट मांडी घालून बसल्या. ज्योतीरामनं थोड्या वेळानं फोन मागायला हात पुढं केला. त्यांनी त्याच्याकडे न बघता त्याचा हात बाजूला सारला आणि फोनमध्ये म्हणाल्या, “हं, मग? पुढं काय केलं तुम्ही?”

विजयश्री चहा ठेवायला आत गेली.